अंडी हलवू नयेत
नागपूरच्या गोरेवाडा तलावाजवळच्या बांधावर गवतात दिसलेली बदकाची अंडी, मादी जवळ नाही म्हणून, घरी आणून कोंबडीखाली ठेवावीत अशी सूचना एकाने केली आहे; ती कृपया अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी केलेल्या वर्णनावरून हे हळदी-कुंकू जातीचे रानबदक असावे. त्याची मादी अंडी एकेक करून घालते आणि सगळी घालून झाल्यावरच नेमाने उबवायला बसते, म्हणजे पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात; तोवर घरटे बेवारस वाटले, तरी ते तिने सोडलेले नसते. अंड्यांवर मऊ पिसे पांघरलेली असतील, तर ती चरायला गेली आहे असेच समजावे. उबवण साधारण २४ दिवस चालते. तेवढे दिवस तिथले गवत कापू नये आणि मोकाट कुत्र्यांना, तसेच जवळून फोटो काढणाऱ्यांनाही, लांब ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही अशी अंडी उचलण्यास मनाई आहे.