एकाच वर्गात इतक्या तऱ्हेची मुलं, शिकवायचं कसं?

प्रश्न: रसायनशास्त्राची शिक्षिका, बीड जिल्हा

नमस्कार. बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी. प्रथम वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, हे चौथं वर्ष. वर्गात 58 मुलं-मुली आहेत.

पुढच्या दोन बाकांवर लातूरला दोन-दोन वर्षं नीटची तयारी करून आलेली मुलं बसतात. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर आलेलं असतं. मागे तांड्यावरून येणाऱ्या चौघी, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. उर्दू शाळेतून आलेल्या तिघी आहेत. मराठी छान बोलतात, पण वाचायला त्यांना वेळ लागतो. एका मुलाला कमी दिसतं. आणि नऊ-दहा जण असे, की दसरा-दिवाळी झाली की ज्यांचे आईवडील कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी अशी पाच मुलं दिवाळीनंतर दिसलीच नाहीत, थेट परीक्षेला आली.

माझ्याकडून ऑगस्टमध्ये एक चूक झाली. 20 मार्कांची चाचणी घेतली, मार्क वर्गात मोठ्याने वाचले आणि जोड्या लावल्या: पंधराच्या वरच्याने सहाच्या खालच्याला शिकवायचं. 4 मार्क पडलेली एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून तासाला येईना, फक्त प्रॅक्टिकलला यायची. व्हरांड्यात गाठून विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तुमी 'समजलं का' म्हनता, सगळे हो म्हनतेत, मी बी म्हनते. आता सगळ्यांला कळलं मला काय येतं ते." तिची मी माफी मागितली. पण ते वाक्य मनातून जात नाही.

पेपर इंग्रजीत असतो. पूर्ण इंग्रजीत शिकवलं तर निम्मी मुलं फळा उतरवून घेतात, कळत काहीच नाही. मराठीत सांगितलं तर पुढचे बाक कंटाळतात, आणि पेपरमध्ये तोच शब्द इंग्रजीत आला की मागचे अडकतात. सोपं करून अर्धं शिकवणं मला मान्य नाही. या मुलांना पूर्ण रसायनशास्त्र मिळायला हवं. तुम्ही वर्गात नेमकं काय करता, तेवढं सांगा. धोरणाची भाषा नको, ती आमच्या कार्यशाळांत पुष्कळ ऐकून झाली.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, नांदेड

ताई, आधी 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. आपल्या भागात मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायची रीत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर 'हो' हेच असतं. मी तासाच्या शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायचो. रद्दी कागदाचे चतकोर वाटायचे, त्यावर एक ओळ लिहायची: आज कुठे अडकलो. नाव नाही, भाषा कुठलीही. दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू. किनवटला असताना गोंड, कोलाम, आंध घरांतली मुलं असत, देगलूरला तेलुगू बोलणारी. वर्षभर ज्यांचा आवाज ऐकला नाही, त्यांनीही चिठ्ठ्या लिहिल्या.

दुसरं म्हणजे, प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मगच हात वर करू द्या. लातूरच्या मुलांना गप्प करू नका, त्यांना 'का' विचारा. पाठ केलेलं उत्तर 'का'पाशी थांबतं, तिथून तीही शिकायला लागतात.

भाषेचं म्हणाल तर, माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि पुढे शिकायचं तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, 1918 साली उर्दू माध्यमातच सुरू झालेलं. ते म्हणायचे, गणित येत होतं, गणितातला शब्द येत नव्हता. मराठवाड्यातल्या घराघरात ही आठवण आहे, आणि तरी आपण इंग्रजी न कळणाऱ्या पोराला मठ्ठ ठरवतो याचं मला फार वाईट वाटतं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठा कागद लावा. इंग्रजी शब्द, पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द, आणि तिसरा रकाना रिकामा, मुलांनी आपल्या घरचा शब्द लिहायला. प्रेसिपिटेट, अवक्षेप, आणि आमच्याकडे 'साका'. ॲसिड, आम्ल, आणि तुमच्या उर्दू शाळेच्या मुली लिहितील 'तेजाब'. लक्षात तिसरा शब्द ठेवतो, पेपरमध्ये पहिला लिहायचा.

इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून आम्ल-अल्कली ओळखवणारा पदार्थ, शिकवताना प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलीनच्या आधी हळद घ्या. हळदीत चुना कालवला की लाल होतं, कुंकू त्यावरच होत आलंय. हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक मुलीने पाहिलेलं आहे. त्या तासाला मागचे बाक आधी बोलतात, बघा.

आणि पाण्याची कठीणता तर आपल्याच गावची गोष्ट. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्रत्येकाने आपल्या गावचं पाणी बाटलीत आणायचं, ईडीटीए या रसायनाने अनुमापन करायचं, म्हणजे ते ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. सगळ्यांचं उत्तर वेगळं, म्हणजे कॉपी करायला जागाच नाही. जोड्या मार्कांवर लावू नका, ब्युरेटच्या नंबरावर लावा. एकाने ब्युरेट धरायची, एकाने रीडिंग घ्यायचं, एकाने लिहायचं, आणि दर आठवड्याला काम बदलायचं. नाहीतर मुली वहीच लिहीत बसतात आणि ब्युरेट मुलांच्या हातात राहते.

उत्तर: बँकेत नोकरीला, परभणी

मी स्वतः कमी दिसणारा विद्यार्थी होतो, म्हणून त्या मुलाबद्दल सांगतो. 'तुला दिसतं का?' हे सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्याला गाठून विचारा की काय केलं तर सोपं जाईल. त्याचं त्याला पक्कं माहीत असतं.

फळ्यावर लिहिताना 'हे इकडं नेलं, ते तिकडून आलं' असं म्हणत असाल तर ती सवय मोडा. काय नेलं ते नाव घेऊन बोला. बोलून लिहिलं की मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच फायदा होतो.

नोट्स युनिकोड मराठीत टाईप करा. माझ्या वेळी सर जुन्या फॉण्टमध्ये टाईप केलेली फाईल द्यायचे. मोबाईलमधला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक ती वाचायला लागला की निरर्थक अक्षरं ऐकू यायची. वहीच्या पानाचा नुसता फोटो काढून पाठवला तर तोही नीट वाचला जात नाही.

अनुमापनात रंग बदलल्याचं जोडीदाराने सांगावं, किंवा मोबाईल स्टँडवर लावून झूम करावा. पण थेंब त्यालाच सोडू द्या. मला तीन वर्षं 'तू फक्त बघत बस' म्हणाले. बघताच येत नव्हतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचं 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल, तर लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. अर्ज मात्र परीक्षेच्या तोंडावर नको. माझा उशिरा गेला होता, पहिले दोन पेपर मी तसेच दिले.

उत्तर: एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, मी धारूरकडची. माझे आईवडील अजूनही तोडीला जातात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आई आजारी होती म्हणून तिच्या जागी मी फडात गेले. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता कमी पडून चालत नाही. परत आले तेव्हा एका सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "कुठं होतीस चार महिने?" काय सांगायचं? मी म्हणाले, लग्न होतं.

तेवढं करू नका, मॅडम. आणि दिवाळीच्या आधीच त्या मुलांचे नंबर घेऊन ठेवा. व्हिडिओ पाठवू नका, तळावर नेट चालत नाही, मोबाईल चार्ज करायला चहाच्या टपरीवर जावं लागतं. आमच्या एक मॅडम पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या आणि खाली पानांचे नंबर. मी उसाची मोळी बांधताना ते ऐकायची. संयुजाबंध मी तसा शिकले. परत आल्यावर त्यांनी चार दिवसांत राहिलेली प्रॅक्टिकल करून घेतली, जर्नलवर सही दिली, आणि हजेरीचं प्राचार्यांशी स्वतः बोलल्या. त्यांनी ते केलं नसतं तर मी आज इथे नसते.

अजून एक. स्कॉलरशिपच्या अर्जाच्या वेळी वर्गात "एससीवाले उभे राहा, एनटीवाले उभे राहा" असं म्हणतात. यादी नोटीस बोर्डावर लावली तरी जातीचा रकाना तसाच ठेवतात. ज्याचा अर्ज अडला आहे त्याला एकट्याला बोलावून सांगता येतं.

प्रश्न विचारणारीचं उत्तर, जानेवारी

उशिरा लिहितेय, पण करून बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यात कोऱ्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात एक आली: 'मोल म्हणजे काय तेच कळलं नाही, जूनपासून.' मग मोल, म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं एकक, पुन्हा घेतला, तीन तास गेले. अभ्यासक्रम तेवढा मागे पडला आणि विभागप्रमुखांचं बोलणं खावं लागलं. तरी पुन्हा तेच करीन, कारण त्याच्यापुढचं सगळं मोलवरच उभं आहे.

स्कॉलरशिपचं वाचून मला लाज वाटली. गेली तीन वर्षं मीसुद्धा वर्गात तशीच नावं पुकारत होते. आता करत नाही, आणि ऑफिसातल्या क्लार्कदादांनीही ऐकलं.

पाण्याच्या प्रॅक्टिकलला 31 गावांचं पाणी आलं. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत कठीणता चांगली, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडे चार गावं 600 च्या वर गेली. त्यातलं एक गाव पुढच्या बाकावरच्या मुलाचं. तो घरी जाऊन सरपंचांशी बोलून आला. ज्या मुलाला कमी दिसतं त्याने स्वतः थेंब सोडले, मोबाईलच्या पडद्यावर अनुमापन संपल्याचा निळा रंग त्यालाच आधी दिसला. 4 मार्कवाली मुलगी परत तासाला बसते. भिंतीवरच्या तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त अक्षर तिचं आहे.

तोडीला गेलेल्या सहा जणांना दर रविवारी आवाज पाठवते. दोघांचा नंबर बंद लागतो, त्यांच्यापर्यंत कसं पोचावं ते अजून सापडलेलं नाही. बाकीच्यांतला एक जण गेल्या आठवड्यात आजीला बघायला दोन दिवस गावी आला होता, तसाच कॉलेजात आला. पिशवीतून बाटली काढली, कारखान्याच्या तळावरच्या हापशाचं पाणी होतं. म्हणाला, "मॅडम, माझं गाव सध्या हेच हाय, हे बी तपासा." त्याने स्वतःच तपासलं, 340 आलं. आता तक्त्यात 32 वी ओळ आहे.