इलेक्ट्रिक पिकअपचे घरी चार्जिंग आणि वीज गेल्यावर तिच्याच बॅटरीवर घर: जोडणी कोणती करावी?

मीटरवाचक (प्रश्न)

नमस्कार. 131 किलोवॉट-तास बॅटरीची फोर्ड एफ-150 लाइटनिंग घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. घरात उत्तर अमेरिकेतील पद्धतीचे 200 अँपिअरचे मुख्य पॅनेल असून स्वयंपाकाची शेगडी, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि संपूर्ण घराचा एसी विजेवर चालतात. रोजचा प्रवास साधारण 40 मैलांचा आहे. घराला बॅकअप हवा असेल तर 80 अँपिअरचा चार्जर पूर्ण क्षमतेने बसवण्यावाचून गत्यंतर नाही, असे विक्रेता सांगतो. उलट, ट्रकच्या हौद्यातील 240 व्होल्टच्या सॉकेटमधून एक केबल पॅनेलपर्यंत आणली की काम भागते, असेही ऐकतो. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीवर घर प्रत्यक्षात किती काळ चालेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना वायरमन

चार्जिंग आणि बॅकअप हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत; विक्रेते ते एकत्र करतात म्हणून गोंधळ होतो. आधी चार्जिंगचे पाहू. या गाडीला 100 मैलांसाठी भिंतीकडून साधारण 48 ते 49 युनिट लागतात, म्हणजे तुमची रोजची गरज सुमारे 20 युनिटची आहे. थंडीत ती वाढेल, हे गृहीत धरा. 240 व्होल्टवर 32 अँपिअर म्हणजे 7.7 किलोवॉट, त्या वेगाने एवढी वीज पावणेतीन तासांच्या आत भरते आणि रात्रीचा बाकीचा वेळ गाडी नुसती उभी असते. 48 अँपिअरवर, म्हणजे 11.5 किलोवॉटवर, जवळजवळ रिकामी बॅटरीसुद्धा तेरा-चौदा तासांत पूर्ण होते. 80 अँपिअरची खरी गरज लागते ती रोज शेकडो मैल जड ट्रेलर ओढणाऱ्याला.

गाडीचे चार्जिंग तासन्‌तास अखंड चालते, त्यामुळे अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार सर्किट प्रवाहाच्या 125 टक्के क्षमतेचे असावे लागते. 32 अँपिअरला 40 चा ब्रेकर, 48 ला 60 चा आणि 80 ला थेट 100 चा. 200 अँपिअरच्या पॅनेलमध्ये निम्मी जागा एकट्या गाडीने अडवली, तर शेगडी, ड्रायर आणि एसी यांचा भार मोजल्यावर इलेक्ट्रिशियन सर्व्हिस (वीज कंपनीकडून घरात येणाऱ्या जोडणीची क्षमता) वाढवायला सांगेल, आणि तो खर्च चार्जरपेक्षा जड जातो. फोर्डचा 80 अँपिअरचा चार्जर कमी प्रवाहावर ठरवून लहान सर्किटवरही बसवता येतो, हे विक्रेत्याने सांगायला हवे होते.

आणखी एक बाब, जी घाईच्या कामात हमखास सुटते. 60 अँपिअरच्या सर्किटला घरगुती प्लॅस्टिक आवरणाची 6 गेजची तांब्याची केबल चालत नाही, कारण तिची मान्य क्षमता 55 अँपिअर आहे. पाइपमधून सुट्या तारा ओढल्यास तेच 6 गेज 65 अँपिअर पेलते. चार्जर शक्यतो सॉकेटवर न लावता थेट तारांनी जोडून घ्या. स्वस्त सॉकेटांचे संपर्क रोजच्या दीर्घ भाराने तापून वितळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शिवाय सॉकेटला लागणारा गळतीरक्षक ब्रेकर (प्रवाह अर्थकडे गळू लागताच वीज तोडणारा) आणि चार्जरमधला रक्षक एकमेकांशी भांडून विनाकारण ट्रिप होतात, ते वेगळेच.

उलटा प्रवाह

वरील उत्तराशी सहमत आहे. बॅकअपबद्दल लिहितो.

फोर्डच्या गृहप्रणालीत, म्हणजे गाडीतून घराला वीज देणाऱ्या जोडणीत, गाडी भरताना चार्जरमधून एसी (प्रत्यावर्ती) प्रवाह जातो, परंतु घराला वीज देताना त्याच प्लगच्या खालच्या दोन जाड पिनांमधून बॅटरीचा डीसी (एकदिश) प्रवाह बाहेर येतो आणि भिंतीवरचा स्वतंत्र इन्व्हर्टर त्याचे 240 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. या पिनांसाठी फोर्डचा तो 80 अँपिअरचा चार्जरच आवश्यक आहे. तो पूर्ण 80 अँपिअरवर चालवण्याशी किंवा 100 च्या ब्रेकरशी याचा काही संबंध नाही. सोबत चेंजओव्हरची पेटी (घर वीज कंपनीकडून तोडून गाडीवर नेणारी) येते आणि एक लहान बॅटरीही, कारण वीज गेलेली असताना या प्रणालीला जागे होण्यापुरती ऊर्जा कोठून तरी मिळावी लागते.

लोक किलोवॉट-तास पाहून हुरळतात, पण अडचण प्रथम किलोवॉटमध्ये येते. ही प्रणाली जास्तीत जास्त 9.6 किलोवॉट, म्हणजे 240 व्होल्टवर 40 अँपिअर देते. ड्रायर एकटा सुमारे 5 किलोवॉट घेतो, मोठा एसी 3 ते 5. दोन्ही सुरू असताना कोणी शेगडी पेटवली की मर्यादा ओलांडलीच. एसीच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो, तेव्हा सॉफ्ट स्टार्टर (तो सुरुवातीचा झटका कमी करणारे उपकरण) बसवल्याशिवाय एसीवर भिस्त ठेवू नका. टेस्लाच्या सायबरट्रकची मर्यादा 11.5 किलोवॉट आहे. फरक आहे, पण वरचे वर्णन बदलण्याइतका नाही.

आता कालावधी. 131 पैकी 20 टक्के प्रवासासाठी राखून ठेवा, कारण संकटात गाडी हलवता आली पाहिजे, आणि उरलेल्यातून साधारण 10 टक्के रूपांतरात व गाडीच्या स्वतःच्या पंप-संगणकांवर खर्च होतात असे धरा. सुमारे 94 युनिट हाती राहतात. दिवसाला 30 युनिट वापरणारे घर त्यावर तीन दिवस चालेल. फोर्डचा दावाही एवढाच आहे. केवळ फ्रीज, दिवे, राउटर, फर्नेसचा पंखा आणि तळघरातील पाणी उपसणारा पंप चालवल्यास आठवडा निघू शकतो, मात्र भार अगदी कमी असताना गाडीचा स्वतःचा खर्च प्रमाणाने मोठा होत जातो, त्यामुळे नुसत्या भागाकारावर विसंबू नये.

शून्यतार

हौद्यातील सॉकेटचा मुद्दा राहिला. ते 30 अँपिअरचे आहे, म्हणजे 7.2 किलोवॉट मिळतात. पॅनेलवर जनरेटरसाठी बसवतात तसा इनलेट (बाहेरची केबल जोडायची जागा) आणि मुख्य ब्रेकरशी यांत्रिक इंटरलॉक (दोन्ही ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी) लावून ते वापरण्याची कल्पना चांगली आहे, पण या गाडीत न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडलेले असून सॉकेटला गळतीरक्षक आहे. घराच्या मुख्य पॅनेलमध्येही न्यूट्रल-अर्थ जोडलेले असतात. दोन ठिकाणी जोड झाल्यामुळे परतीचा काही प्रवाह अर्थच्या तारेतून वाहतो, रक्षकाला ती गळती वाटते आणि तो तत्काळ ट्रिप होऊन वीज तोडतो. इंटरलॉक न्यूट्रल तोडत नाही, म्हणून तेथे हा प्रश्न सुटत नाही. न्यूट्रलसकट बदलणारा चेंजओव्हर स्विच लागतो. केबलमधील अर्थची तार कापून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो जीवघेणा आहे.

दोन्ही बाजूंना प्लग असलेली केबल ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा विचारही नको. मुख्य ब्रेकर बंद करायचा राहिला, तर घरातील 240 व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन लाइनवर 7,200 व्होल्ट होऊ शकतात, आणि वर तार दुरुस्त करणारा माणूस ती मृत समजत असतो.

मीटरवाचक

सर्वांचे आभार. एसी बॅकअपमधून वगळायची तयारी आहे. अशा वेळी गृहप्रणाली घ्यावी की सॉकेट आणि चेंजओव्हर?

उलटा प्रवाह

तुम्ही घरी नसताना वीज गेल्यास पंप आपोआप सुरू राहायला हवा असेल, आणि गाडी त्या वेळी घरीच जोडलेली असणार असेल, तर गृहप्रणाली घ्या. मात्र बदल होताना काही क्षण अंधार होतो, तेव्हा संगणक किंवा वैद्यकीय उपकरणाला वेगळा यूपीएस ठेवा. एरवी, निवडक सर्किटांचे छोटे उपपॅनेल, न्यूट्रल बदलणारा हाती चालवण्याचा स्विच आणि हौद्यातील सॉकेट एवढ्यात तुमचे काम होईल. पुढे दुसऱ्या कंपनीची गाडी आली तरी ही जोडणी निरुपयोगी ठरत नाही, आणि मला तरी हेच तिचे मोठे बलस्थान वाटते.

जुना वायरमन

ते उपपॅनेल आणि चार्जरचे 60 अँपिअरचे सर्किट एकाच परवान्यात करून घ्या. इलेक्ट्रिशियनला गेल्या 12 महिन्यांतील कमाल मागणीचे आकडे वीज कंपनीकडून मागवायला सांगा. त्यांच्या 125 टक्क्यांवर चार्जरचा भार मिळवूनही बेरीज 200 च्या आत राहिली, तर सर्व्हिस वाढवण्याची गरज नाही.