दुर्गम तालुक्यात फिजिओथेरपी: रुग्ण एकदाच भेटणार असेल तर काय करावे?

नवी_पाटी
नमस्कार. मी नागपुरातून फिजिओथेरपीची पदवी आणि सहा महिन्यांची आंतरवासिता यंदा पूर्ण केली असून, भामरागड तालुक्यात काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने मला बोलावले आहे. मागच्या महिन्यात मी दोन दिवस तिथे जाऊन आले. पहिल्याच सकाळी लकवा झालेल्या एका गृहस्थांना मोटरसायकलवर मध्ये बसवून, पुढे मुलगा आणि मागे पुतण्या अशा बेताने वीस किलोमीटरवरून आणले होते. पुन्हा कधी आणाल असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘रोवणी आटोपली की आणतो.’ म्हणजे भाताची लावणी संपल्यावर, दीड-दोन महिन्यांनी, आणि मध्येच पर्लकोटेला पूर आला तर त्याहूनही उशिरा. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही दहा-पंधरा बैठका गृहीत धरूनच उपचार आखत असू, शिवाय हाताशी यंत्रे होती. इथे एकाच भेटीत नेमके काय साधावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

बांधीकाठचा
मी शेजारच्या तालुक्यात सहा वर्षे हेच काम केले आहे. लकव्याचे रुग्ण आपल्याला भरपूर भेटतील. ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतील गावांमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झाल्याचे आढळले होते. जे वाचतात ते घरी बाजेवर असतात.

पहिल्या भेटीला मी तासभर देतो आणि त्यातला निम्मा वेळ सोबत आलेल्या माणसासाठी राखतो. घरचे लोक रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढतात, त्याने खांदा निखळू लागतो, आणि एकदा खांदा दुखू लागला की रुग्ण कोणालाच हात लावू देत नाही. म्हणून मी स्वतःच बाजेवर अंग सैल सोडून पडतो आणि मुलाला मला उठवायला सांगतो. कमरेला दुपट्टा बांधून त्याला धरून कसे उठवायचे, हे आधी दाखवलेले असते, तरीही पहिल्या खेपेला तो हातच ओढतो. तीनदा करवून घेतल्यावर कुठे त्याचा हात दुपट्ट्याकडे जातो. व्यायाम तीनच सांगावेत, चौथा घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो. चालण्याच्या सरावासाठी अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन आडवे बांबू बांधून घ्यायला सांगावे. बांबूची तिथे ददात नाही.

दुखण्याला दहापैकी गुण द्या, हा प्रश्न तिथे विचारूच नये. पाण्याचा गुंड विहिरीपासून कुठपर्यंत आणता येतो, मध्ये किती वेळा खाली ठेवावा लागतो, हे विचारावे. पुढच्या खेपेला सुधारणा त्यावरूनच कळते. आणि पुढची खेप तारखेवर ठरवू नका, आठवडी बाजारावर ठरवा. दवाखान्यासाठी कोणी रोजी बुडवत नाही, पण मीठ-मिरचीला घरातले कोणीतरी येतेच. रुग्ण आला नाही तरी ज्याला शिकवले तो भेटतो, आणि त्याच्याकडून तीनही व्यायाम पुन्हा करून घेता येतात.

अस्थिसंधी
वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण ‘घरच्यांना शिकवा’ म्हणताना ते घरचे म्हणजे नेमके कोण, हेही पाहावे. बहुतेक वेळा ती सून असते, जी दिवसभर बांधीत वाकून रोवणी करून आलेली असते आणि तिची स्वतःची कंबर धरलेली असते. मोटरसायकलवर आलेला मुलगा शिकून जातो आणि करायचे मात्र तिला असते, म्हणून शक्य तिथे एकदा तरी घरी जावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत आला आणि खुबा आतल्या बाजूला वळत नसेल, तर स्नायूंचे ताणाचे व्यायाम सुरू करण्याआधी रक्त आणि एक्स-रे पाहावा; या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते खचू शकते. तसेच पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटलेले वजन असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घेऊन डॉक्टरांकडेच पाठवावे. शहरात रुग्ण बहुधा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो, तिथे मात्र त्याला पहिला हात आपलाच लागतो. संस्थेत डॉक्टर पूर्णवेळ आहेत का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. पगाराची चौकशी त्यानंतर केली तरी चालेल, पण करा अवश्य.

नवी_पाटी
दोघांचेही मनापासून आभार. संस्थेत आज फोन केला. डॉक्टर पूर्णवेळ आहेत, एक्स-रेसाठी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. त्या गृहस्थांना मी पाच व्यायाम कागदावर लिहून दिले होते आणि घरात कोणाला वाचता येते का, हे विचारायचे राहिले. बाजार बुधवारी भरतो असे कळले आहे.

बांधीकाठचा
मग मंगळवारी मुक्कामाला पोहोचा. बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीत जागा मिळत नाही.