बोटॉक्सने सुरकुत्या 'भरत' नाहीत

बोटॉक्सच्या इंजेक्शनमुळे सुरकुत्या भरून येतात, असं बऱ्याचदा ऐकू येतं. तसं नाही, भरायचं काम फिलरचं, म्हणजे त्वचेखाली टोचून खळगा भरणाऱ्या पदार्थाचं. बोटॉक्स स्नायूला गप्प बसवतं. मज्जातंतूच्या टोकाशी ते स्नायूला निरोप देणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन सुटूच देत नाही, त्यामुळे आठी घालायचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. म्हणून हसताना, कपाळाला आठ्या घालताना उमटणाऱ्या रेषांवर ते छान चालतं. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी खोल घडी मात्र फार तर थोडी सौम्य होते.

मूळ वापर तिरळेपणासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली २००२ मध्ये. या आठ्यांसाठी ठरलेला डोस पाच जागी मिळून २० युनिट. पण युनिट ज्या-त्या ब्रँडचं असतं. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे २० म्हणजे बोटॉक्सचे २० नव्हेत.

खरी अवघड जागा कपाळ. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, फ्रंटॅलिस. गुळगुळीत कपाळाच्या हट्टापायी तोच लुळा केला की भुवया खाली येतात आणि माणूस कायम पेंगुळलेला दिसतो. (जाहिरातीत हे फोटो नसतात!) औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं तर पापणी पडते. काही आठवड्यांत सुधारते, पण औषधाचा असर लगेच उलटवणारं इंजेक्शन नाही.

परिणाम पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तो ३-४ महिने टिकतो. तेव्हा दुसऱ्याच दिवशी 'काहीच झालं नाही' म्हणत आणखी टोचून घेऊ नका. गरोदर असाल किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असेल, तर विषयच सोडा.