कांतिमती की गांधीमती? तमिळ नावाचा अर्थ आणि दाखल्यावरचं स्पेलिंग

रावपुरा_वाचक:
बारशाला मुलीला तमिळ पणजीचं नाव ठेवायचं ठरतंय. पणजीच्या एका कागदावरचं इंग्रजी स्पेलिंग 'गांधीमथी' असं वाचलं जातं, दुसऱ्यावरचं 'कांथीमथी'. तिकडची मंडळी बोलतात तेव्हा 'कान्दिमदि' ऐकू येतं. अर्थ कुणी 'तेजस्वी चंद्र' सांगतं, कुणी 'तेजस्वी बुद्धी'. मूळ नाव काय? आणि बडोद्यात जन्मदाखल्यावर काय लिहावं?

मतुप्:
तिन्ही एकच: कांतिमती. घोळ लिपीचा आहे. तमिळमध्ये क-ख-ग-घ ला एकच अक्षर, त-थ-द-ध लाही एकच. अनुनासिकानंतर त चा द होतो, दोन स्वरांच्या मध्येही तो मऊ पडतो, म्हणून 'कान्दिमदि'. या नावाचा पूर्वार्ध आणि 'गांधी' हा शब्द तमिळमध्ये हुबेहूब सारखेच लिहितात; ग ने सुरू होणारं स्पेलिंग त्यातलंच. गांधीजींशी संबंध शून्य.

अर्थाचं म्हणाल तर शेवटचं 'मती' म्हणजे बुद्धीही नाही, चंद्रही नाही. तो 'असलेली' या अर्थाचा संस्कृत प्रत्यय. अ-आ नंतर तो 'वती' होतो (कलावती, लीलावती), इ-उ नंतर 'मती' राहतो (इंदुमती, श्रीमती). कांतिमती म्हणजे कांती असलेली, बस. संस्कृत स्त्रीलिंगी नावांचा शेवटचा दीर्घ ई तमिळमध्ये ऱ्हस्व होतो, पार्वतीचंही तसंच. त्या ऱ्हस्व 'मति'मुळे गल्लत होते, कारण तमिळमध्ये 'मदि' म्हणजे चंद्र. इळमदि, वाण्मदि या नावांत चंद्र खरोखरच आहे. इथे तो मागाहून चिकटवलेला.

सुरसागर_काठ:
चंद्राचा अर्थ घरात कुणाला आवडत असेल तर आवडू द्या, पण नाव आलंय ते तिरुनेलवेलीच्या देवीवरून. ताम्रपर्णीच्या काठच्या त्या गावात नेल्लैयप्पर म्हणजे शंकर आणि कांतिमती अम्मन, अशी एकाच आवारात दोन मोठी देवळं आहेत. नटराजाच्या पाच सभांपैकी, म्हणजे शंकराच्या नृत्याच्या पाच स्थानांपैकी, ताम्रसभा तिथलीच. देवीचं शुद्ध तमिळ नाव 'वडिवुडै अम्मन', म्हणजे सुंदर रूप असलेली. तेही 'कांती असलेली'च्याच वळणाचं. त्या भागात पुरुषांचं 'कांतिमतिनाथन' हे नावही मिळतं: कांतिमतीचा नाथ, अर्थात शंकर.

मात्र नाव केवळ शैवांचं नव्हे. रामानुजाचार्यांच्या आईचं नाव कांतिमती. आचार्यांचा जन्म परंपरेने 1017 चा धरतात. त्यामुळे अय्यंगार, म्हणजे तमिळ वैष्णव ब्राह्मण, घरातही ते परकं वाटत नाही. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांची या देवीवर 'श्री कान्तिमतीं' ही संस्कृत कृती, म्हणजे गीतरचना, आहे, राग हेमवती. तिथे 'ती' दीर्घ आहे, म्हणजे वर 'मतुप्' यांनी सांगितलेली व्युत्पत्ती पक्की.

बडोद्याला तर हे नाव जुनंच. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावूरच्या. तिथून दरबारात आलेल्या नर्तकींमध्ये गौरा आणि कांतिमती ही जोडी होती. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावरकर यांनी इथेच भरतनाट्यम् शिकवलं.

दाखला_आधी:
लेखनाकडे वळतो. मराठीत 'कांतिमती': पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. 'कांती' एकटा आला तर दीर्घ, समासात आधी आला किंवा पुढे असा संस्कृत प्रत्यय लागला की ऱ्हस्व. गुजरातीतही हेच ठेवा.

इंग्रजीत निवड करावी लागेल. दक्षिणेत टी-एच म्हणजे साधा त, आणि नुसता टी दिला तर तिकडचा माणूस ट वाचेल. इकडे उलट: टी-एच दिसला की शाळेत हजेरीला 'कांथीमथी' झालंच म्हणून समजा. मूल बडोद्यात वाढणार असेल तर नुसता टी घ्या. ग चं स्पेलिंग मात्र गुजरातेत नकोच. पहिली सहा अक्षरं आडनाव म्हणून वेगळी तोडली जातील आणि पुढे आधार, पासपोर्ट सगळीकडे निस्तरत बसाल. पणजीच्या कागदांशी जुळण्याची काहीच गरज नाही.

घाईही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नाव रिकामं ठेवता येतं. ते 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. नाव घालणं सोपं, पण एकदा घातलेलं बदलणं कटकटीचं. छापण्याआधी गुजराती आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर अक्षर ताडून पाहा.

रावपुरा_वाचक:
आभार. इंग्रजीत नुसता टी, ठरलं. हाक मारायला 'कांती' चालेल ना?

मतुप्:
बडोद्यात? निम्मी गल्ली कांतिभाई समजून वळून बघेल. 'मती' म्हणा.