मदत हवी आहे: सगळ्या मुख्य भूमिका बायकांच्या असलेली विज्ञानकथा-मालिका आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर विज्ञानकथा-मालिकांमधल्या बायकांवर बोलायचंय आणि मी अडकलेय.

सुरुवात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेपासून करतेय. पहिल्या पायलट भागात (म्हणजे मालिकेआधी बनवलेल्या नमुना भागात) यानाच्या कप्तानाच्या खालोखालची अधिकारी बाई होती. १९६६ला मालिका सुरू झाली तेव्हा ती पोस्ट मिस्टर स्पॉककडे! १९६९च्या शेवटच्या भागात तर बायकांना कप्तानपद मिळत नाही असा संवादच आहे. (तेविसाव्या शतकातसुद्धा, बरं का!) मालिकेची मुख्य कप्तान बाई असायला १९९५ उजाडलं, ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या पुढच्या मालिकेतली जेनवे.

मला हवंय ते याच्या पुढचं. ‘वाय: द लास्ट मॅन’ (२०२१) सुचवू नका, तिथे जवळजवळ सगळे पुरुष मेल्यावर बायकांच्या हाती कारभार येतो. ‘ऑर्फन ब्लॅक’ मात्र फार आवडली. तातियाना मास्लानीने एकटीने इतक्या क्लोन (एकमेकींच्या हुबेहूब प्रती असलेल्या बायका) उभ्या केल्यात, की आई, शास्त्रज्ञ, मारेकरी सगळ्या वेगळ्याच बायका वाटतात. पण शेवटी नटी एकच ना!

तर, जिथे सगळ्या मुख्य भूमिका बायकांच्या आहेत आणि त्यासाठी कथेत काही कारण द्यावं लागलेलं नाही, अशी मालिका कुणी पाहिलीय का? कुठल्याही भाषेतली चालेल, सबटायटल्स हवीत.