मदत हवी आहे : मेलेले योद्धे रोज उठून लढतात, त्यांना थांबवायचं कसं?

मंडळी, आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) छोटा ग्रुप आहे, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पाचवी आवृत्ती (2014ची), सगळे पाचव्या लेव्हलवर. पुढच्या भागात रणात पडूनही न सुटलेले योद्धे आणायचेत आणि तिथेच गाडी अडली आहे.

साधे सांगाडे ठेवले तर आमची क्लेरिकबाई (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) एकदा देवाचं नाव घेणार आणि निम्मं सैन्य तिथल्या तिथे भस्म. पाचव्या लेव्हलला टर्न अनडेड (चालत्या प्रेतांना पळवणारी तिची शक्ती) अर्ध्या सीआरपर्यंतच्यांना (सीआर म्हणजे शत्रू किती भारी त्याचा आकडा) थेट नष्ट करतं आणि सांगाड्याचा सीआर पाव. रेव्हनंट (सूडासाठी परत आलेलं, बरंच भारी प्रेत) टिकेल, पण सैन्यभर रेव्हनंट ठेवले तर पार्टीच भस्म.

दुसरी भीती स्कायरिम या व्हिडिओ गेमची. थडग्यात शिरलं की कोनाड्यातले ड्राउगर (चालती प्रेतं) उठतात, थंडीच्या जादूला फारशी दाद देत नाहीत, वरच्या दर्जाचे तर 'फुस रो दाह' करून आपल्यालाच भिरकावतात. मजा येते. पण ते ड्रॅगन प्रीस्टांचे सेवक आहेत, मेल्यावरही उठून त्यांच्या शवपेटीपुढे लोटांगण घालतात, हे गेममधल्या एका पुस्तकात दडलंय. ते वाचतो कोण? हाणा आणि पुढच्या खोलीत चला.

मूळ आइसलँडी सागांमधला (जुन्या वीरकथांमधला) ड्राउगर बहुतेकदा एकटा असतो. ग्रेटिर या सागानायकाने मारलेला ग्लाम तर योद्धाही नव्हता, मेंढपाळ होता. डोकं उडवा, मांडीपाशी ठेवा, जाळा, राख कातड्यात बांधून वाटेपासून लांब पुरा. खेळात हे दोन मिनिटांत उरकतं.

म्हणून मी स्नोरी या आइसलँडी लेखकाने 13व्या शतकात लिहून ठेवलेली ह्यादनिंगांची (हेडिनच्या लोकांची) लढाई घेतली आहे. हेडिन राजाने होग्नी राजाची मुलगी हिल्ड पळवली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीतल्या हॉय बेटावर दोन्ही सैन्यं भिडली. हेडिन समेटाला तयार होता, वर पुष्कळ सोनंही देत होता. होग्नी म्हणाला, उशीर केलास, दाइन्स्लेइफ उपसून झाली. ही तलवार बाहेर आली की कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय राहत नाही. दिवसभर कापाकापी, आणि रात्री हिल्ड रणांगणात जाऊन मंत्राने मेलेल्यांना उठवते. प्रेतं, ढाली, तलवारी सगळ्यांचा दगड होतो. उजाडलं की पुन्हा माणसं, पुन्हा धार. हे रॅग्नारोकपर्यंत, म्हणजे जगाच्या अंतापर्यंत, चालायचं.

याच लढाईच्या दुसऱ्या एका कथेत नॉर्वेच्या ओलाफ राजाचा ख्रिस्ती माणूस येऊन सगळ्यांना मारतो आणि मग ते उठत नाहीत. मला त्यात धर्मप्रचाराचा वास येतो, आणि खेळ म्हणूनही फुसकं आहे. शेवट प्लेयर्सनी शोधावा, पण तो मी तोंडात घालू नये. काय करू?

प्रतिसाद १
क्लेरिकला अडवू नका हो! करू दे भस्म, टाळ्या वाजवा. पहाटे तेच चेहरे उठून उभे राहिले की हिट पॉइंट्सचं (किती जीव उरला त्या आकड्याचं) हे काम नव्हे, हे तिचं तिलाच कळेल. आणि दाइन्स्लेइफ लूट म्हणून समोर ठेवा. आमच्या टेबलावरचा फायटर तर ती अर्ध्या मिनिटात उपसेल.

प्रतिसाद २
महाभारतातलं पुत्रदर्शन वाचलंय का? आश्रमवासिक पर्व. व्यास गंगेतून कुरुक्षेत्रावर पडलेले सगळे वीर एका रात्रीपुरते वर आणतात. कर्ण, दुर्योधन, अभिमन्यू सगळे, आणि कुणाच्याच मनात वैर नाही. रात्रभर आप्तांना भेटतात आणि परत जातात. तुमच्या हिल्डच्या बरोब्बर उलट. ती उठवते तेव्हा वैरही सोबत उठतं. मग प्लेयर्सनी ते वैर काढायचं, माणसं नाही. हेडिनचं सोनं अजून पडून असेल ना कुठेतरी?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पहिलं तर याच रविवारी वापरतो. सोन्याची कल्पनाही झकास, ते बेटावरच्या एका गुहेत ठेवतो.

आता एकच. आमची मंडळी हिल्डला पाहिल्या पाहिल्या बाण मारणार, हे लिहून देतो. ती मेली तर लढाई थांबली असं व्हायला नको, आणि ती अमर आहे म्हटलं तर चिडतील. त्यांनी आधी तिच्याशी बोलावं यासाठी पहिल्या रात्री तिला काय करताना दाखवू? बापाचं प्रेत शोधताना दाखवावं असं डोक्यात आहे. याहून बरं काही सुचतंय?